शेवटचा येईपर्यंत

१

केल्विन ट्रेझाइसच्या मोटरसायकल क्लबात नियम एकच होता. पुढे केल्विन, मागे बाकीचे. फाटा आला की केल्विनच्या पाठोपाठ जो असेल त्याने तिथे गाडी उभी करायची, हात लांब करून वळण दाखवायचं आणि सगळे जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. त्याला म्हणायचं खांब. सर्वांत मागे असतो तो शेपूट. शेपटाच्या अंगात नारिंगी जाकीट. तो लांबूनच हात वर करतो, म्हणजे मी आलो, माझ्यामागे कुणी नाही. मग खांबाने किक मारायची आणि शेपटाच्या पुढे निघायचं. शेपूट खांबाला ओलांडून कधीच जात नाही. एवढं पाळलं की धुळीपायी एकमेकांपासून मैल मैल लांब राहूनही कुणी चुकत नाही.

रस्ता सांगणारी यंत्रं हल्ली मिळतात, पण या क्लबातल्या गाड्या मालकांच्या वयाच्या होत्या. त्यांच्यावर बोलका नकाशा बसवायचा म्हणजे आजोबांच्या कवळीत सोन्याचा दात बसवायचा, असं केल्विन म्हणे. आणि खरं सांगायचं तर त्या भागात फोनलाही रेंज नव्हती, तिथे यंत्र काय दिवे लावणार!

ग्लेनिस पॅस्कोला खांब व्हायला आवडायचं. कडीना गावात तिने उभी हयात शाळेची बस चालवली होती, त्यामुळे येणाऱ्याची वाट बघत थांबणं तिच्या अंगवळणी पडलेलं. इंजिन बंद केलं की आधी कान भणभणायचे, मग हळूहळू शांतता यायची. लाल माती, गुडघाभर उंचीची खारट झुडपं, कुठेतरी बोअरवेलवरच्या पवनचक्कीची करकर. तिकडे जुलैत हिवाळा, त्यामुळे ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं. एकेक गाडी धूळ उडवत येई, ती हात लांब करी, गाडी वळून जाई. मग सगळ्यांत शेवटी मर्व्ह. तिचा नवरा.

मर्व्ह कित्येक वर्षं शेपूट होता. कुणाची गाडी बंद पडली तर ती रस्त्यात बसून दुरुस्त करणारा तोच. पण या वेळी आणखी एक कारण होतं आणि ते फक्त ग्लेनिसला आणि केल्विनला ठाऊक होतं. एप्रिलमध्ये मर्व्हच्या मेंदूत रक्ताची एक बारीकशी गाठ अडकली होती. हातपाय, बोलणं, हसणं सगळं शाबूत राहिलं. गेली ती एकच गोष्ट. समोर दोन रस्ते आले की त्यातला आपला कुठला, हे त्याला कळेनासं झालं. गाडी तो पूर्वीसारखीच चालवायचा, रस्ता एक असला तर शंभर मैल जाईल, पण फाट्यावर त्याचं डोकं कोरं व्हायचं. शेपटाला मात्र कधी ठरवावंच लागत नाही. प्रत्येक वळणावर त्याच्यासाठी एक माणूस उभा असतो. ही शेवटची सहल, मग गाडी विकायची, असं त्यानेच कबूल केलं होतं. तेवढी तरी मानाने पार पडावी, एवढंच ग्लेनिसला हवं होतं.

त्या दिवशी पवनचक्कीच्या वळणावर ती उभी होती. सगळे गेले. थोड्या वेळाने लांबच्या चढावर नारिंगी ठिपका दिसला. एकसिलिंडर गाडीचा तो ठप् ठप् आवाज तिने झोपेतही ओळखला असता. ठिपक्याने हात वर केला. ग्लेनिसने किक मारली आणि निघाली.

बरंच पुढे गेल्यावर तिला काहीतरी खटकलं. हात उजवा होता. उजव्या मुठीत रेस असते. ती सोडली की इंजिन मंदावतं, म्हणून मोटरसायकलवाला नेहमी डावा हात वर करतो. याने उजवा केला होता आणि आवाज तसूभरही बदलला नव्हता. मग तिचं तिनेच स्वतःला समजावलं: जुन्या गाड्यांना मुठीत एक स्क्रू असतो, तो आवळला की रेस आहे तिथे राहते. मर्व्हच्या गाडीलाही होता. आवळला असेल त्याने.

२

विल्गा वेलच्या रोडहाउसवर सगळे मटणाचं सारण भरून भाजलेल्या गरम 'पाय'वर सॉस ओतून खात होते. ग्लेनिस आली तेव्हा केल्विनने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"शेपूट कुठाय?"

"मागेच आहे की माझ्या."

"मागे म्हणजे किती मागे?"

"आता ते काय टेपने मोजू? हात केला त्याने, मी निघाले."

"झुडपाआड गेला असेल," क्लॅरी म्हणाला. क्लॅरी हा वालारू गावचा निवृत्त खाटीक आणि क्लबातला वात्रट. "या वयात टाकीला गळती लागतेच. माझं तर प्रत्येक झुडपाशी नातं जडलंय."

सगळे हसले. ग्लेनिसही हसली. चहा गार झाला, पाय संपल्या, केल्विन दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. मग लांबून गुरांचा मोठा ट्रक आला, त्याच्या मागच्या धुळीतून मर्व्ह बाहेर पडला. ट्रकवाल्याने भोंगा वाजवून निरोप घेतला. मर्व्हने गॉगल काढला तेव्हा डोळ्यांभोवती दोन स्वच्छ पांढरी वर्तुळं होती आणि बाकी चेहरा विटेच्या रंगाचा.

लोकांसमोर क्लॅरीच्या टोमण्याला त्याने टोमणा परत केला, पाय मागवली. ग्लेनिस शेजारी जाऊन बसली तेव्हा हळूच म्हणाला, "वळणावर कुणी नव्हतं गं."

"अरे, मी होते. तू हात केलास मला."

"मी? मी अलीकडच्या ओढ्यात प्लग साफ करत बसलो होतो. आलो तर वळण रिकामं. इंजिन बंद केलं, थांबलो. म्हटलं येईल कुणीतरी. दोन्ही रस्ते सारखेच दिसत होते, ग्लेनिस. इतके सारखे, की... मग हा ट्रकवाला आला. भला माणूस."

कप उचलताना त्याच्या हातातला चहा सांडला. तो त्याने बाहीने पुसला. ग्लेनिसला त्याचा इतका कळवळा आला, की आपण खरं काय पाहिलं हा प्रश्न तिने तेवढ्यापुरता गिळला. एक तर मर्व्ह हात केल्याचं विसरला होता, नाहीतर तिने नसलेला माणूस पाहिला होता. दोन्हींपैकी कुठलं बरं, हे तिला ठरवता येईना.

३

रोडहाउसच्या खोल्या म्हणजे पत्र्याचे डबे. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर कुठल्याशा टायर कंपनीचं जुनं कॅलेंडर. सूर्य टेकला तसा पत्रा गार होऊ लागला आणि टक् टक् वाजू लागला. मर्व्ह खाटेवर बसून बुटाच्या नाड्यांशी झगडत होता.

"उद्या जाकीट क्लॅरीला दे," ग्लेनिस म्हणाली. "तू माझ्याबरोबर चल."

"का?"

"मला सोबत."

"तुला सोबत?" तो हसला. "चाळीस द्वाड पोरं एकटीने बसमध्ये आवरणारी बाई तू. ग्लेनिस, हे जाकीट अंगावर आहे तोवर मी शेपूट आहे. काढलं की मी पेशंट. एवढे दोन दिवस राहू दे की."

त्याची नाडी तिने सोडून दिली, तेवढं त्याने करू दिलं.

तेव्हा तो आवाज तिच्या ध्यानात आला. ठप् ठप् ठप्. एकसिलिंडर गाडी जागेवर उभी, इंजिन चालू. कधीपासून चालू होता कोण जाणे. ती व्हरांड्यात आली. शेडमध्ये क्लबाच्या सगळ्या गाड्या उभ्या होत्या. तिने मर्व्हच्या इंजिनावर तळवा ठेवला, तर ते थंडगार. बाकीचे आत बिअर पीत होते, क्लॅरीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. जनरेटर असेल, ती मनाशी म्हणाली. पण जनरेटर स्वयंपाकघराच्या मागे भुणभुणत होता आणि हा आवाज विरुद्ध बाजूने येत होता, जिथे मोठ्या रस्त्यावरून रोडहाउसची वाट फुटते तिथून. तांबूस उजेडात तिथे धूळ किंवा धुरासारखं काहीतरी होतं. जवळ येत नव्हतं, लांबही जात नव्हतं. खांब हलला नाही की शेपूट कसं मागे थांबून राहतं, अगदी तसं.

"काय बघतेस?" मर्व्हने आतून विचारलं.

"काही नाही. थंडी पडली." तिने दार लावून घेतलं. पत्र्याच्या खोलीत बाहेरचं सगळं ऐकू येतं, तरी दार लावलं.

४

दुसऱ्या दिवशी पहिल्या फाट्यावर क्लॅरी खांब होता. तो येऊन मिळाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचं मिश्कील काही नव्हतं.

"आला का मर्व्ह?" ग्लेनिसने विचारलं.

"येतोय. हात केला त्याने." क्लॅरीने हेल्मेट काढून टक्कल खाजवलं. "आज बाबा फॉर्मात दिसतोय. उजवा हात वर करून आला, नाटकात राजा येतो तसा. मी किती पुढे आलो तरी हात खाली घेईना."

ग्लेनिस ताडकन उठली आणि मागे निघाली. केल्विन तिच्या पाठोपाठ. मर्व्ह त्यांना फाट्यावर भेटला. गाडीवर बसलेला, दोन्ही पाय जमिनीला, दोन्ही हात मांडीवर. शाळा सुटल्यावर कुणी न्यायला न आलेली पोरं बसमध्ये शेवटी तशी बसायची. त्यांना पाहून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"क्लॅरी विसरला वाटतं," तो म्हणाला.

परत येताना केल्विनने ग्लेनिसला बाजूला थांबवलं. केल्विन ट्रेझाइस उंच, सडसडीत, बोलण्यात काटकसरी. गेली तीस वर्षं लोक त्याच्या मागून डोळे मिटून येत होते.

"आता याराप्पिना गावापर्यंत एकच फाटा उरला," तो म्हणाला. "डावीकडे गाव. सरळ गेलं तर मिठाचं तळं. तिकडे विहीर नाही, घर नाही, महिनोन् महिने गाडी जात नाही. पाटी होती ती वाऱ्याने आडवी झालीय, अक्षरंही गेली."

"ठाऊक आहे मला."

"तिथे खांब तू व्हायचंस. आणि नुसता हात बघून निघायचं नाही. मर्व्ह तुझ्यापर्यंत यायला हवा, गॉगल काढून तुझ्याशी बोलायला हवा, मगच."

"केल्विन, काल संध्याकाळी तू काही ऐकलंस?"

केल्विनने रस्त्याकडे पाहिलं. "जनरेटर," तो म्हणाला. तिने काही ऐकलंस का एवढंच विचारलं होतं, आवाज कशाचा हे नव्हतं विचारलं.

जाकीट उतरवायला मर्व्ह तयार झाला नाही ते नाहीच. ग्लेनिसने दरडावलं असतं तर कदाचित झाला असता. पण फाट्यावर त्याला तसा बसलेला पाहिल्यापासून तिच्याने त्याला तोडून बोलवेना. हीच तिची चूक, आणि मायेपोटी माणूस करतो त्या चुका त्याला करतानाच कळत असतात.

५

फाट्यावर सावली नव्हती. आडव्या पडलेल्या पाटीवर एक घोरपड ऊन खात बसली होती, ग्लेनिस आली तशी ती आळसावून खाली उतरली. डावा रस्ता आणि सरळचा रस्ता, दोन्हींची रुंदी तीच, माती तीच, पन्हाळी पत्र्यासारखे आडवे उंचवटेही तेच. वाट चुकायला स्ट्रोकच यायला पाहिजे असं नव्हतं.

सगळे गेले. क्लॅरीने जाताना भोंगा वाजवला, पण थट्टा केली नाही. मग शांतता. सूर्य कलायला लागला.

चढावर नारिंगी ठिपका आला. ठप् ठप् ठप्. हात वर. उजवा.

ग्लेनिस हलली नाही.

ठिपका उतारावर थोडा खाली आला आणि थांबला. मधे फर्लांगभर अंतर असेल. इंजिन चालू होतं, हात वर होता. तिने स्वतःला सांगितलं, मर्व्ह आहे, क्लच तापला म्हणून उभा आहे, हात करून सांगतोय, नीघ. तिने हाक मारली. "मर्व्ह!" आवाज मोकळ्या माळावर कुठल्या कुठे गेला. गाडीवरच्या माणसाने मानही वळवली नाही. तो फक्त वाट बघत होता, ती निघण्याची. पाण्याचा घोट घ्यायलाही हात खाली येईना... नाही, तिनेच विचार तोडला. एवढा वेळ हात वर धरून कुणाचा खांदा दुखल्याशिवाय राहील, हा हिशेब पुढे करण्यात अर्थ नव्हता.

मागून गाडी आली. केल्विन होता.

"काय झालं? सगळे खोळंबलेत." त्याने चढाकडे पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "अगं, तो काय आला. चल."

"मग पुढे का येत नाही?"

"तू हलत नाहीस म्हणून! शेपूट खांबाच्या पुढे येतं का कधी?"

"माझ्याशी बोलल्याशिवाय निघायचं नाही, तूच म्हणालास."

केल्विनने भोंगा दाबला. एकदा, दोनदा. उतारावर काहीच हललं नाही.

"थांब, मी आणतो त्याला," तो म्हणाला आणि निघाला. ग्लेनिस त्याची पाठ बघत राहिली. तो निम्म्या वाटेवर गेला, आणखी थोडा गेला, मग त्याची गाडी मंदावली. तिथे तो बराच वेळ उभा राहिला, एक पाय जमिनीला टेकून. मग त्याने गाडी वळवली आणि गेला त्याच्या दुप्पट वेगाने परत आला.

"रेती फार आहे तिकडे," तो म्हणाला.

"केल्विन."

"चाक रुतेल. जुनी गाडी."

"केल्विन, मर्व्ह आहे का तो?"

त्याने हातमोजा काढला, परत घातला. "तू चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "आपण गावातून माणसं घेऊन येऊ, जीप घेऊन येऊ."

"आणि तेवढ्यात मर्व्ह आला तर? तो सरळ जाईल."

"ग्लेनिस—"

"तू जा. जीप आण. मी इथे आहे."

तो गेला. मागे वळून न बघता गेला, आणि तिला त्याचा राग आला नाही. तिलाही निघून जावंसं वाटत होतं. पण मर्व्हच्या डोक्यात जे उरलं नव्हतं ते या फाट्यावर उभं होतं, तिच्या रूपाने. ते सोडून ती कुठे जाणार?

बऱ्याच वेळाने उतारावरची गाडी हळूच वळली आणि आली त्या दिशेने चढापलीकडे गेली. आवाज मंद होत विरला. तेव्हा ग्लेनिसला खरी भीती वाटली, कारण तिकडूनच मर्व्ह यायचा होता.

६

तो आला तेव्हा झुडपांच्या सावल्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या होत्या. डावा हात वर होता, इंजिन मंदावलं, पुन्हा उचललं. ग्लेनिस रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. त्याने गाडी थांबवली, गॉगल वर केला, आणि तिने त्याचा धुळीने माखलेला चेहरा दोन्ही हातांत धरला.

"थांबलीस!" तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं, इथेही—"

"बोल. अजून काहीतरी बोल."

"काय बोलू? ठिणगीच पडेना. दोनदा सगळं सोडलं, दोनदा लावलं. एकट्याने जीव गेला असता, पण तो होता सोबतीला."

"कोण?"

"आपल्यातला नाही. माझ्यासारखीच जुनी एकसिलिंडर आहे त्याची. मधेच कुठे गेला होता, परत आला आणि समोर बसून राहिला. बोलणं नाही, चालणं नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही. एकदाच विचारलंन, पुढच्या वळणावर कुणी उभं आहे का? म्हटलं, आहे ना, माझी बायको आहे, मी येईपर्यंत हलायची नाही." मर्व्हने नाक पुसलं. "तर म्हणतो, आणि माझ्यासाठी?"



"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बाबा रे, शेवटचा येईपर्यंत उभी राहते ती. तूही ये माझ्यामागून. येतोच आहे तो. फार हळू चालवतो. थांबू या थोडं."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तू पुढे हो, मर्व्ह. डावीकडे. मी मागे आहे."

"अगं, माणूस आहे एक मागे. खांब असा हलत नाही. आणि मी शब्द दिलाय त्याला." तो तिच्याकडे बघत राहिला. "रिकाम्या वळणावर उभं राहणं कसं असतं, तुला माहीत नाही. मला माहीत आहे. दोन दिवसांत दोनदा उभा राहिलोय."

चढापलीकडून आवाज आला. ठप् ठप् ठप्. संथ, एका लयीत.

ग्लेनिसने त्याचे हात उचलून हँडलवर ठेवले. "जा म्हणते ना!" ती ओरडली. लग्नाच्या इतक्या वर्षांत ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती. मर्व्ह दचकला, आणि लहान मुलासारखा मुकाट निघाला. तिने हात लांब करून डावा रस्ता दाखवला, तो वळला. तिने किक मारली. पहिल्या किकेला गाडी सुरू झाली.

वळून थोडं पुढे गेल्यावर तिने एकदाच खांद्यावरून मागे पाहिलं. फाट्यावर तो आला होता. त्याने एक पाय जमिनीला टेकला होता. हात आता खाली होता. लांबून नारिंगी वाटलेलं जाकीट इतक्या जवळून नारिंगी नव्हतं, उन्हाने त्याचा सगळा रंग खाऊन टाकला होता, खांद्यांवर तर कापड नुसतं दोऱ्यांवर उरलं होतं. त्याने डाव्या रस्त्याकडे पाहिलं. मग सरळच्या रस्त्याकडे. मग पुन्हा डावीकडे. घाई नव्हती त्याला, राग नव्हता. त्याला नुसतं कळत नव्हतं.

तिने हात लांब केला असता तर पुरलं असतं. एवढंच काम होतं खांबाचं, आणि अजून उशीर झाला नव्हता, तो बघत होता. ग्लेनिसने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. तिला रडू येत होतं, तरी तिने हात हलवला नाही. पुढे मर्व्ह होता, आणि तिला एकच माणूस घरी न्यायचा होता.

मागे ठप् ठप् सुरू झालं. जवळ येत नव्हतं. सरळ जात होतं, तळ्याच्या दिशेने, बारीक बारीक होत.

डांबरी रस्ता लागला तसा मर्व्ह थांबला. लांब गावाची पाण्याची टाकी दिसत होती आणि केल्विनच्या जीपची धूळ. ती शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा तो रागावलेला नव्हता, काळजीत होता.

"आला का गं तो?"

"आला," ग्लेनिस म्हणाली. "रस्ता दाखवला मी त्याला."

मर्व्हचा चेहरा एकदम मोकळा झाला. "सांगितलंच होतं मी," तो म्हणाला. "त्याचा विश्वासच बसत नव्हता बिचाऱ्याचा."